झाकिर हुसेन, सुब्बाराव आणि कांदिवलीचा उजवा मुसलमान

मराठीत 'कॉन्झर्व्हेटिव्ह' माणसाला धड शब्द नाही. सनातनी म्हटलं की सोवळंओवळं आठवतं. पुराणमतवादी ही सरळसरळ शिवी झाली आहे. उजवा म्हटलं की हल्ली एकच पक्ष डोळ्यांपुढे येतो. मुसलमानाच्या बाबतीत तर हा शब्द वापरायची सोयच नाही. मुसलमान मतदार म्हणजे गठ्ठा मतं, आणि तो गठ्ठा कुणाच्या तरी खिशात, एवढंच आपल्या राजकीय पंडितांना ठाऊक. मालमत्तेचा हक्क, कमी कर, सरकारने लोकांच्या घरात नाक न खुपसणं, कोर्टाचा मान, परंपरेचा आदर, अशा गोष्टींसाठी मत देणारा मुसलमान असू शकतो, हे त्यांच्या हिशेबात बसत नाही.

माझे आजोबा असे मुसलमान होते. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत. ते स्वतंत्र पक्षाचे. राजाजी आणि मिनू मसानींचा हा पक्ष १९५९ साली निघाला, तेव्हापासून ते त्याचे. पक्षाचा उमेदवार मतपत्रिकेवर असो नसो, त्यांच्या निष्ठेत फरक पडत नसे. १९६७ सालचे साधारण पाच महिने त्यांनी कसे काढले, ते मला घरातल्या मोठ्यांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या वर्षी देशाला पहिला मुसलमान राष्ट्रपती मिळाला, आणि तो गादीवर बसून महिना होतो न होतो तोच इस्रायल-अरब युद्ध झालं. या दोन्ही गोष्टींत बाबा चुकीच्या बाजूला होते, असं आमच्या नातेवाइकांचं मत होतं. माझं मत तितकं सरळ नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी ते उजवे का झाले, ते सांगतो. आमचं मूळ घर दापोली तालुक्यातलं. घराण्याकडे छोटीशी खोती होती. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १९४८ चा कुळकायदा व १९५७ चा कृषक दिन यांच्यात उरलीसुरली जमीनही गेली. कोकणातली खोती म्हटली की चित्पावन आठवतात. पण रत्नागिरी जिल्ह्यात मुसलमान खोतही होते, हे फार जणांना माहीत नसतं. कुळांवर खोतांनी काय काय केलं, ते मला ठाऊक आहे. नारायण नागू पाटील आणि बाबासाहेब आंबेडकर खोतीविरुद्ध उभे राहिले ते उगाच नव्हे. जमीन कसणाऱ्याकडे गेली हे योग्यच झालं, असं मी मानतो. बाबा मानत नसत. जमीन गेल्याचं दुःख एकवेळ गिळता येतं, पण सरकारने कायद्याचा एक कागद काढला की पिढ्यांची गोष्ट संपते याची भीती माणसाला आयुष्यभर पुरते, असं त्यांचं म्हणणं.

ते मुंबईत आले आणि एका शिपिंग कंपनीत कारकून झाले. कोकणी मुसलमानाला दर्या चुकत नाही, मग जहाजावर असो की जहाजांच्या कागदांवर. राहायला कांदिवली. तेव्हाची कांदिवली म्हणजे पोयसर, आकुर्ली, चारकोप ही गावंच; खाडीकडे कोळी आणि ईस्ट इंडियन वस्ती, स्टेशनाजवळ गुजराती दुकानदार, आणि पूर्वेला लष्कराचा तो प्रचंड ऑर्डनन्स डेपो. १९६५ च्या सप्टेंबरात खिडक्यांना काळे कागद लावून लोक बसत, तेव्हा युद्ध म्हणजे काय हे कांदिवलीकरांना रेडिओइतकंच रस्त्यावरून जाणाऱ्या लष्करी ट्रकांवरून कळे.

त्या युद्धाची दुसरी बाजू मुसलमान घरांत अजून सांगतात. अब्दुल हमीद १० सप्टेंबर १९६५ ला खेमकरणच्या रणांगणात पाकिस्तानी रणगाडे फोडता फोडता शहीद झाले, त्यांना परमवीरचक्र मिळालं, आणि त्यांचं नाव प्रत्येकाच्या तोंडी आलं. त्याच दिवसांत ठिकठिकाणी मुसलमानांना भारत संरक्षण नियमांखाली उचलून नेलं जात होतं. बाबांच्या ओळखीचा एक पानवाला असाच गेला. त्याचा भाऊ कराचीला होता आणि भावाची पत्रं येत, एवढाच गुन्हा. सात आठवड्यांनी परत आला. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. त्याने पुन्हा दुकान उघडलं, पण भावाला पत्र टाकणं बंद केलं.

इथे कायद्याची थोडी गुंतागुंत सांगावी लागेल. चीनच्या युद्धात २६ ऑक्टोबर १९६२ ला देशात आणीबाणी लागू झाली. चीनची लढाई महिन्याभरात संपली, आणीबाणी मात्र १० जानेवारी १९६८ पर्यंत चालू राहिली. सव्वापाच वर्षं! १९७५ च्या आणीबाणीवर आपल्याकडे कपाटं भरतील इतकी पुस्तकं आहेत. या पहिल्या आणीबाणीची आठवणही कुणाला नाही. या काळात सरकार कुणालाही चौकशीविना डांबू शकत होतं, आणि त्याविरुद्ध मूलभूत हक्कांच्या नावाने कोर्टात जायची वाट राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद केली होती. १९६३ साली मखनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा दरवाजा बंदच ठेवला. बहुमताचा निकाल लिहिला आपल्या साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी. सात न्यायाधीशांपैकी एकाने वेगळं मत नोंदवलं. मूलभूत हक्कांचा रस्ता बंद असला तरी साध्या फौजदारी कायद्याने दिलेला रस्ता खुलाच आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं नाव कोका सुब्बाराव.

याच सुब्बारावांचा दुसरा एक निकाल मुंबईचा आहे, आणि मला तो फार आवडतो. कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी याच नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात होते. तिथे बसून त्यांनी मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'. ते छापायला बाहेर पाठवू द्या, असा त्यांनी अर्ज केला. महाराष्ट्र सरकार नाही म्हणालं. अणूच्या पोटात काय आहे हे मराठी वाचकाला कळल्याने देशाच्या संरक्षणाला कोणता धोका होता, देव जाणे. उच्च न्यायालयाने परवानगी दिली, तर सरकार अपिलात गेलं. ६ सप्टेंबर १९६५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते अपील फेटाळलं आणि निकाल सुब्बारावांनी लिहिला: स्थानबद्ध माणसाचं जेवढं स्वातंत्र्य नियमाने काढून घेतलं आहे तेवढंच गेलं, बाकीचं त्याच्याकडेच आहे. ज्या दिवशी आपलं सैन्य लाहोरच्या दिशेने सरहद्द ओलांडून गेलं, त्याच दिवशी दिल्लीत एक न्यायाधीश एका कम्युनिस्टाच्या मराठी पुस्तकाला वाट करून देत होता. बाबांना कम्युनिस्ट मुळीच आवडत नसत. पण पानवाला परत आल्यावर त्यांनी सुब्बारावांचं नाव लक्षात ठेवलं.

मग १९६७ उजाडलं. फेब्रुवारीतल्या निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेच्या ५२० पैकी २८३ जागा मिळाल्या आणि आठ राज्यांत तिला बहुमत मिळालं नाही. स्वतंत्र पक्ष ४४ जागा घेऊन लोकसभेतला सगळ्यात मोठा विरोधी पक्ष झाला, जनसंघाला ३५ मिळाल्या. (महाराष्ट्रात मात्र काँग्रेसच भक्कम. बाबांचा आनंद नेहमी परप्रांतातून यायचा.) त्याच आठवड्यात, २७ फेब्रुवारीला, सरन्यायाधीश झालेल्या सुब्बारावांनी गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. जालंधरच्या एका ख्रिस्ती कुटुंबाची पाचशे एकरांवर जमीन पंजाबच्या जमीन कायद्यात अडकली होती. अकरा न्यायाधीशांपैकी सहा म्हणाले, घटनादुरुस्ती करूनही संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत. पाच विरोधात गेले. एका मताचा फरक, आणि त्या सहांपैकी एक होते मोहम्मद हिदायतुल्ला, नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश.

या निकालाने बाबांची जमीन परत आली नाही, येणारही नव्हती. आधी झालेले जमीन कायदे तसेच राहतील, नियम यापुढे लागू, असं निकालातच म्हटलं होतं. तरी बाबा खूश. त्यांच्या लेखी जमीन हा एक हक्क होता. त्याच प्रकरणात धर्म पाळण्याचा हक्क होता, अल्पसंख्याकांना शाळा-कॉलेजं चालवण्याचा हक्क होता. बहुमताच्या जोरावर एकाला हात लावता आला तर उद्या दुसऱ्यालाही लावता येईल, हा त्यांचा तर्क. आमच्यासारख्या थोडक्यांना संसदेत बहुमत कधी मिळणार नाही, मग आमचा आधार कोर्टच, असं ते म्हणत.

त्यात शरीयतचाही भाग होता, तो झाकायचं कारण नाही. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुसलमान बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. बाबा दलवाईंवर भयंकर चिडले. कोकणातला माणूस असून असं करतो, हे त्यांना जास्तच लागलं. दलवाई तेव्हा बरोबर होते असं मी मानतो, आणि आमच्या घरातल्या बायकांना ते बाबांच्या हयातीतच कळलं होतं. शिवाय बाबांचा कायद्याचा अंदाजही थोडा भाबडा होता. व्यक्तिगत कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासायचाच नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९५१ मध्येच नरसू अप्पा माळी खटल्यात ठरवून टाकलं होतं. ते ठरवणारे दोन न्यायाधीश होते छागला आणि गजेंद्रगडकर. म्हणजे बाबा ज्या भिंतीला टेकून बसले होते ती बांधली होती दोन सुधारकांनी, आणि त्यातले एक मुसलमान.

एप्रिलमध्ये सुब्बारावांनी राजीनामा दिला आणि ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उतरले. स्वतंत्र, जनसंघ आणि इतर काही विरोधी पक्षांचा त्यांना पाठिंबा. काँग्रेसतर्फे इंदिरा गांधींनी उपराष्ट्रपती झाकिर हुसेन यांना उभं केलं.

ही निवडणूक आमदार-खासदारांची. कांदिवलीच्या कारकुनाला त्यात मत नाही. तरी त्या महिन्यात मुसलमान मोहल्ल्यांत दुसरा विषय नव्हता, आणि बाबांना नमाजानंतर रोज कुणीतरी गाठायचं. तुमचा पक्ष झाकिरसाहेबांच्या विरोधात कसा काय? बाबांची खरोखर कोंडी झाली. एका बाजूला पानवाल्याच्या वेळचा न्यायाधीश. दुसऱ्या बाजूला झाकिर हुसेन, ज्यांच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. बर्लिनमध्ये अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस तुटपुंज्या पगारावर जामिया मिलिया चालवत राहिला. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली, तेव्हा नव्या शिक्षणाचा आराखडा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष. त्याबद्दल मुस्लिम लीगने त्यांना धारेवर धरलं. १९४७ च्या ऑगस्टमध्ये जालंधर स्टेशनात दंगलखोरांच्या हाती सापडले, एका शीख लष्करी अधिकाऱ्यामुळे आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्यामुळे वाचले. आणि इतकं होऊनही पाकिस्तानात गेले नाहीत. (गोलकनाथांची जमीनही जालंधरचीच. इतिहासात गावं अशी पुन्हा पुन्हा येतात, त्याचा अर्थ लावत बसू नये.)

बाबांना सुब्बारावांची एक गोष्ट खटकली. सरन्यायाधीशाच्या खुर्चीवरून उठून माणूस थेट पक्षांचा उमेदवार होतो, हे त्यांच्या शिस्तीत बसेना. खरा परंपरावादी माणूस पदाची अदब आधी पाहतो. उद्या प्रत्येक न्यायाधीश निकाल लिहिताना पुढच्या नोकरीकडे बघेल, असं ते म्हणाले. हे १९६७ साली म्हणाले, आज वाचताना लोक हसतील.

पण त्यांना खरं लागलं ते दुसरंच. चाळीत शेजारी एक मास्तर राहत, जनसंघाचे. सज्जन माणूस, ६५ च्या ब्लॅकआउटमध्ये मुसलमान बिऱ्हाडाच्या खिडकीतून उजेड दिसतो अशी कुजबुज झाली, तर आधी माझ्या खिडकीचा कागद बघा म्हणणारा. दोघे रोज एका लोकलने जायचे आणि स्वतंत्र-जनसंघ युती हवी की नको यावर चर्चगेटपर्यंत भांडायचे. एप्रिलअखेरीस मास्तर म्हणाले, "भाई, या वेळी आपण दोघे एका बाजूला. बरं झालं. पाकिस्तानशी लढाई होऊन दोन वर्षं झाली नाहीत, आणि सेनादलांचा सर्वोच्च सेनापती... तुम्ही समजून घ्या."

राष्ट्रपती हा तिन्ही दलांचा सर्वोच्च सेनापती असतो. तो मुसलमान कसा चालेल, एवढंच मास्तरांना म्हणायचं होतं, आणि ते बाबांनाच सांगत होते, मित्र म्हणून, सहमती गृहीत धरून. त्या वसंतात हे म्हणणारे मास्तर एकटे नव्हते. बाबांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आधीची लोकल पकडू लागले.

मला वाटतं, बाबांच्या राजकारणातला पेच इथे होता, आणि तो त्यांच्याबरोबर संपला नाही. तुम्ही एखाद्या तत्त्वासाठी एका बाजूला उभे राहता. शेजारचा त्याच बाजूला उभा असतो, पण वेगळ्या कारणाने, आणि ते कारण तुम्हीच असता. अशा वेळी तत्त्व सोडलं तर जातवार मत दिल्याचा आळ खरा ठरतो. धरून ठेवलं तर तुमच्याविरुद्धच्या मिरवणुकीत तुमचाच झेंडा. यातून सुटायची वाट बाबांना सापडली नाही.

६ मे १९६७ ला मतदान झालं. ९ तारखेला निकाल. रिंगणात सतरा उमेदवार, पण लढत दोघांतच. झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४ मतं, सुब्बारावांना ३,६३,९७१. त्या संध्याकाळी बाबांनी घरी मिठाई आणली की नाही, याबद्दल आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. आत्या म्हणते आणली. वडील म्हणतात, आणली ती मास्तरांच्या दारावरून सगळ्यांना दिसेल अशी नेली, पण घरी कुणाला खाऊ दिली नाही. मला वडिलांचं खरं वाटतं.

१३ मे ला शपथविधी झाला. १६ मे ला इजिप्तच्या नासेर यांनी सिनाईतल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेला निघून जायला सांगितलं. त्या फौजेचे प्रमुख होते भारताचे मेजर जनरल इंदरजित रिखये, आणि गाझात १९५६ पासून भारतीय जवान तैनात होते. ते पुरते निघण्याआधीच ५ जूनला इस्रायलने हल्ला चढवला. गोळीबारात आपले जवान मारले गेले. दुसऱ्या दिवशी इंदिरा गांधींनी संसदेत इस्रायलला दोष दिला. परराष्ट्रमंत्री होते मोहम्मद करीम छागला, मुंबईचे खोजा, नरसू अप्पा माळीवाले. सरकार पूर्णपणे अरबांच्या बाजूने उभं राहिलं. स्वतंत्र आणि जनसंघ दोघांनी टीका केली: १९६५ मध्ये जॉर्डन उघड पाकिस्तानच्या बाजूने होता, मग आपण हे एकतर्फी प्रेम का करायचं? (१९६२ मध्ये चीन अंगावर आला तेव्हा नेहरूंनी बेन-गुरियन यांच्याकडे शस्त्रं मागितली होती, हे पुढे कळलं. तेव्हा कळलं असतं तर संसदेत फार मजा आली असती.)

७ जूनला जुनं जेरुसलेम पडलं. बैतुल मुकद्दस गेलं. मशिदींत लोक रडले, बाबाही रडले. आणि तरी त्यांनी मोहल्ल्यात सांगितलं की सरकारचं धोरण चुकतं आहे. त्यांचं म्हणणं असं: रडणं माझं आहे, धोरण देशाचं आहे. सरकार अरबांशी दोस्ती करतं ते तेलासाठी, सुएझसाठी, संयुक्त राष्ट्रांतल्या मतांसाठी. आणि निवडणूक आली की तीच दोस्ती मुसलमानांसाठी केली म्हणून आमच्या पदरात घालतं. मी मागितली होती? मला रेशनवर गहू हवा आहे, मुलाला नोकरी हवी आहे, आणि पानवाल्याला पत्र लिहिता आलं पाहिजे. ते देता येत नाही, म्हणून नासेर देता का?

गव्हाची गोष्ट ते हवेत करत नव्हते. लागोपाठ दोन दुष्काळ पडले होते आणि अमेरिकेचा गहू जहाजांनी येत होता. व्हिएतनामवरून आपण अमेरिकेला चार शब्द सुनावले, तर जॉन्सनसाहेब गव्हाची जहाजं हात आखडून सोडत. आता सुएझ बंद झाला. लंडन-मुंबई हे सव्वासहा हजार सागरी मैलांचं अंतर आफ्रिकेला वळसा घालून पावणेअकरा हजारांच्या घरात गेलं. आदल्या वर्षीच्या ६ जूनला रुपयाचं अवमूल्यन होऊन डॉलर पावणेपाचावरून साडेसात रुपयांवर गेला होता, त्यावर हे वाढीव जहाजभाडं. बाबांच्या टेबलावर रोज त्याचे कागद येत. कालव्यातल्या ग्रेट बिटर सरोवरात चौदा जहाजं अडकली आणि आठ वर्षं तिथेच वाळू खात उभी राहिली. कालवा उघडला तो ५ जून १९७५ ला.

त्याच कचेरीत एक बेने इस्रायली सहकारी होते, अलिबागकडचे. शनवार तेली म्हणून ज्यांना कोकणात पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात त्या समाजातले, आडनावाला 'कर', घरात अस्सल मराठी. दोघांचे डबे एकत्र उघडत, कारण दोघांनाही डुक्कर वर्ज्य आणि मासा प्रिय. लढाईच्या आठवड्यात डबे वेगवेगळे उघडले. मग ते गृहस्थ बाबांच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "भाई, आमचा देश जिंकला म्हणून तुम्ही माझ्यावर रागावलात?"

बाबा म्हणाले, "तो तुमचा कधीपासून झाला? तुम्ही तर अलिबागचे."

"आणि जेरुसलेम तुमचं कधीपासून झालं? तुम्ही तर दापोलीचे."

ही गोष्ट सांगताना बाबा हसत नसत. ते गृहस्थ दोन वर्षांनी कुटुंबासह इस्रायलला गेले. लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा, तिकडे कुठेतरी. तिथे आजही मराठी कीर्तनं होतात, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. नासेरना दोस्ती आणि इस्रायलला मुंबईत फक्त एक वकिलात, असा आपला हिशेब १९९२ पर्यंत चालला; ती वकिलात मुंबईत होती हे या माणसांमुळेही.

बाबांशी माझं इथे जमत नाही. पॅलेस्टिनी माणूस घरातून हाकलला गेला, ही गोष्ट जॉर्डनने ६५ मध्ये काय केलं यावर तोलायची नसते. ज्या माणसाला कागदाच्या एका तुकड्याने जमीन जाते याची आयुष्यभर धास्ती, त्याने हैफा आणि याफातल्या घरांच्या किल्ल्या घेऊन फिरणाऱ्यांना ओळखायला हवं होतं. त्यांनी ओळखलं नाही. राज्यांच्या हिशेबात ते अडकले. पण सरकारने परराष्ट्र धोरण मुसलमानांच्या नावावर खपवू नये, हे त्यांचं म्हणणं मला पटतं, आणि दोन वर्षांत ते कडू रीतीने खरं ठरलं. सप्टेंबर १९६९ मध्ये अल-अक्सा मशिदीच्या आगीनंतर मोरोक्कोत रबातला इस्लामी परिषद भरली. भारताने कोट्यवधी मुसलमानांचा देश म्हणून निमंत्रण मिळवलं, फक्रुद्दीन अली अहमद यांना पाठवलं, आणि याह्याखान अडून बसल्यावर आपल्या शिष्टमंडळाला बाहेरच ठेवलं गेलं. त्याच महिन्यात अहमदाबाद जळत होतं. परिषदेत जागा न मिळाल्याचा अपमान की अहमदाबादेतली प्रेतं, यापैकी कशावर बोलायचं, हे आमच्या मोहल्ल्यातल्या पुढाऱ्यांना ठरवता आलं नाही.

छागला १९६७ च्या सप्टेंबरातच भाषेच्या प्रश्नावर मंत्रिमंडळ सोडून गेले होते. त्याच ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने अझीझ बाशा खटल्यात ठरवलं की अलीगढ विद्यापीठ मुसलमानांनी स्थापन केलेलंच नाही. राष्ट्रपतिभवनात अलीगढचे माजी कुलगुरू बसले होते. राष्ट्रपती कोण आहे याने हक्क वाढत नाहीत, असं बाबा तेव्हा म्हणाल्याचं वडील सांगतात. आणीबाणी अजून चालूच होती.

झाकिर हुसेन ३ मे १९६९ ला पदावर असतानाच गेले. बाबा त्या दिवशी कामावर गेले नाहीत. पुढच्या निवडणुकीत स्वतंत्र आणि जनसंघाने चिंतामणराव देशमुखांना उभं केलं, मुंबईसाठी अर्थमंत्रिपद फेकणारा कुलाबा जिल्ह्याचा माणूस. बाबा आणि मास्तर या वेळी कसलाही संकोच न धरता एका बाजूला होते, म्हणून पुन्हा एका लोकलला. देशमुख तिसरे आले. मधल्या पाच आठवड्यांत हंगामी राष्ट्रपती म्हणून हिदायतुल्लांनी काम पाहिलं, आणि तिन्ही दलांचा सर्वोच्च सेनापती पुन्हा मुसलमान आहे हे मास्तरांच्या लक्षातही आलं नाही.

बाबा १९७४ साली वारले. स्वतंत्र पक्षही त्याच वर्षी दुसऱ्या पक्षात विलीन झाला. पुढच्या जूनमध्ये नव्या आणीबाणीच्या कागदावर सही झाली ती फक्रुद्दीन अली अहमद यांची. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला कोर्टाचं दार नाही. त्या चौघांत एक मुसलमान होते, मिर्झा हमीदुल्ला बेग, आणि एक मराठी, यशवंतराव चंद्रचूड. मास्तर तेव्हा तुरुंगात होते. त्यानंतर आठ दिवसांनी, ६ मे ला, राष्ट्रपतिपदाच्या त्या मतदानाला बरोबर नऊ वर्षं झाली त्या दिवशी, कोका सुब्बाराव वारले.